दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम आणि निफाडचा सातबारा: मुदतवाढीच्या एका फाइलचं प्रकरण

नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाकडून कोर्टाकडे जाताना टायपिंग, झेरॉक्स आणि स्टँपची दुकानं लागतात. त्यांच्यातच माझं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, सातबारे, खरेदीखतं अशा मराठी कागदांचं इंग्रजी करून देणं हे माझं रोजचं काम. मुलं परदेशी गेलेल्या घरांचे कागद अलीकडे फार येतात. त्यातलंच एक प्रकरण इथे सविस्तर मांडते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं, गाव आणि गट नंबर मुद्दाम देत नाही.

काका सदुसष्ट वर्षांचे, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. काकू बासष्टच्या. एकुलती मुलगी न्यू जर्सीत. तिचं बाळंतपण एप्रिलमध्ये होतं, म्हणून त्या वर्षी माल लवकर उतरवून, व्यापाऱ्याचा हिशेब पुरा करून दोघं १४ मार्च २०२४ला तिकडे पोचले. खरड छाटणी धाकट्या भावावर, म्हणजे अण्णांवर सोपवली. परतीचं तिकीट ५ सप्टेंबरचं काढलं होतं, कारण ७ला गणपती बसणार होते आणि घरचा गणपती काकांनीच बसवायचा, असा त्यांच्याकडे रिवाज.

२७ जुलैला काका तळघराच्या जिन्यावरून घसरले. उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. २९ला ऑपरेशन होऊन प्लेट आणि स्क्रू बसले. सहा आठवडे पायावर अजिबात भार द्यायचा नाही, त्यानंतर फिजिओथेरपी, आणि इतक्यात लांबचा विमानप्रवास नको, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, असं सर्जननी सांगितलं.

३ ऑगस्टला संध्याकाळी अण्णा माझ्या ऑफिसात आले. हातात फोन, फोनवर व्हिडिओ कॉल चालू, पलीकडे पुतणी. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते आणि बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"मॅडम, बाबांच्या तिकडच्या कागदांचं इंग्रजी करून हवंय," ती म्हणाली. "काही घाई नाही तशी. व्हिसा २०३३पर्यंत आहे."

मी तिला आधी आय-९४ काढायला सांगितलं.

तारीख कोणती धरायची

या एका गैरसमजापायी मी चांगली शिकलेली माणसं अडचणीत आलेली पाहिली आहेत, म्हणून इथे जरा थांबते. पासपोर्टवर चिकटवलेला दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारात जाऊन उभं राहण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पर्यटक म्हणून गेलेल्याला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. ही नोंद आता कागदावर मिळत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा नंबर आणि नाव टाकून ती स्वतः उतरवून घ्यायची.

मुलीने त्याच कॉलवर काकांचं आय-९४ काढलं. तारीख १३ सप्टेंबर २०२४. काकूंचं मात्र सापडेना. पासपोर्टवर त्यांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं, आणि मुलगी फक्त पहिलं नाव टाकत होती. पासपोर्टवर आहे तसंच अक्षरन् अक्षर टाकल्यावर नोंद उघडली. त्यांचीही तारीख तीच निघाली. नवरा-बायको एकाच विमानाने उतरले तरी तारखा वेगळ्या पडू शकतात, म्हणून प्रत्येकाचं वेगळं पाहायचं.

म्हणजे २०३३चा हिशेब संपला आणि हातात सहाच आठवडे उरले. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी करावा, असं तिथलं इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, सांगतं. १३ सप्टेंबरच्या ४५ दिवस आधी म्हणजे ३० जुलै; त्या दिवशी काका ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचं हॉस्पिटलचं जेवण जेवत होते. सुदैवाने ४५ दिवस ही शिफारस आहे. अर्ज १३ सप्टेंबरच्या आत खात्याकडे पोचणं मात्र सक्तीचं. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत, त्यांच्याकडे दाखल झाल्याची धरतात.

मुदत उलटून राहिलं तर काय होतं, हे अण्णांनी विचारलं आणि मी त्यांना स्पष्ट सांगितलं. एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. नातवाला पुन्हा भेटायचं असलेल्या आजी-आजोबांसाठी ही शिक्षा फार मोठी आहे.

मी वकील नाही. मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा अर्धा तास विकत घे आणि तयार फाइल एकदा दाखव. तिने ते केलं, आणि त्याचा उपयोग झाला.

अर्जात खरं काय विचारतात

अर्जाचा फॉर्म आय-५३९. काका मुख्य अर्जदार आणि काकूंसाठी त्यालाच जोडलेला आय-५३९ए. नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं एकाच प्रकारच्या व्हिसावर असतील तर एका अर्जात बसतात आणि फीही एकच लागते. कागदी अर्जाला ४७० डॉलर, ऑनलाइनला ४२०. हे दर १ एप्रिल २०२४पासूनचे. मुलीच्या ओळखीतल्या एकाने आदल्या वर्षीचा अनुभव म्हणून ३७० डॉलर सांगितले होते आणि फॉर्मही जुना पाठवला होता. जुन्या आवृत्तीचा फॉर्म किंवा चुकीची फी गेली तर अख्खं पाकीट परत येतं आणि दाखल झाल्याची तारीखही हातातून जाते. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्तीची तारीख असते, ती भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर ताडून पाहावी. (त्यांनी तेव्हा चेक जोडला होता. २०२५च्या ऑक्टोबरअखेरीपासून कागदी चेक घेणं बंद झालं आहे. आता कार्डाने किंवा थेट खात्यातून पैसे द्यायचा वेगळा फॉर्म जोडावा लागतो.)

फॉर्म भरणं सोपं आहे. फाइलचं खरं वजन सोबतच्या निवेदनात असतं. त्यात तीन गोष्टी लिहायच्या: जास्त का राहायचंय, हे राहणं तात्पुरतंच आहे हे कशावरून, म्हणजे परत जायची काय तयारी केली आहे, आणि इतके दिवस लांबल्याने मायदेशातल्या नोकरी-धंद्यावर, घरादारावर काय परिणाम होईल.

मुलीने पहिला मसुदा पाठवला. दीड पान. त्यातलं सव्वा पान पहिल्या गोष्टीवर होतं: बाबांचा पाय, स्वतःची संपत आलेली रजा, बाळ अजून लहान आहे, आई-बाबा असले की घराला आधार. दुसऱ्या गोष्टीवर एक ओळ, "ते नक्की परत जातील". तिसऱ्यावर काहीच नाही.

माझ्याकडे येणारे दहापैकी आठ मसुदे असेच असतात. राहायचं कारण आपल्या डोळ्यांसमोर असतं, दुखत असतं, म्हणून आपण तेच लिहीत जातो. समोरचा अधिकारी मात्र या माणसांना परत ओढून नेणारं काय आहे ते शोधत असतो. काकांना परत ओढणारं सगळं निफाडमध्ये होतं, मराठीत होतं आणि अण्णांच्या लोखंडी कपाटात होतं. मुलगी नऊ वर्षं अमेरिकेत. तिला त्या कपाटाची आठवणही आली नसावी. मी अण्णांना म्हटलं, "उद्या कपाटातलं सगळं घेऊन या. निवडायचं मी बघते."

बाळाबद्दलच्या ओळी मी तिला काढायला सांगितल्या. ती दुखावली, आणि मला ते कळत होतं. पण परतीचं तिकीट ५ सप्टेंबरचं काढलेलं होतं, बाळ असतानाही ते जाणारच होते. मुक्काम लांबला तो पायामुळे. खरं कारण एकच आणि ते सिद्ध करता येण्यासारखं, मग त्यात दुसरं मिसळून बघणाऱ्याच्या मनात शंका कशाला आणायची? पर्यटक म्हणून आलेली आजी नातवंड सांभाळायला ठेवून घेतली आहे, असं वाचलं जाईल असं वाक्य फाइलीत नसावं. वकिलानेही पुढे हेच सांगितलं.

किती दिवस मागायचे, यावर घरात दोन दिवस वाद चालला. मुलीचं म्हणणं, सहा महिने मागता येतात आणि फी तेवढीच, मग पूर्ण मागूया. काकांना नोव्हेंबरातच घरी यायचं होतं. माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांच्या पत्रातली शेवटची तारीख आणि अर्जातली तारीख यांचा मेळ बसला पाहिजे. पत्र नोव्हेंबरपर्यंतचं आणि मागणी मार्चपर्यंतची असेल तर मधल्या महिन्यांचं उत्तर कोण देणार? शिवाय जानेवारीनंतर माल उतरायच्या वेळी बागेचा मालक अमेरिकेत असेल तर बागेचा पुरावाच लंगडा पडतो. शेवटी १० डिसेंबर ठरली.

डॉक्टरांचं पत्र

पहिलं पत्र दोन ओळींचं आलं: रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे, विश्रांतीची गरज आहे. असं पत्र सर्दीतापालाही चालतं. मुलीने दवाखान्यात पुन्हा विचारलं आणि काय काय हवं ते लिहूनच दिलं. दुसऱ्या पत्रात सर्जननी दुखापतीची तारीख, हाड कुठे आणि कसं मोडलं, ऑपरेशनची तारीख, बसवलेली प्लेट, सहा आठवडे भार बंद, त्यानंतरची फिजिओथेरपी, तपासणीच्या पुढच्या तीन तारखा (शेवटची २६ नोव्हेंबर) आणि त्या तपासणीपर्यंत लांबचा विमानप्रवास करू नये, हे सगळं नीट लिहिलं. लेटरहेड, सही, तारीख. सोबत एक्स-रेचा अहवाल आणि डिस्चार्जचा कागद जोडला.

काकूंचं काय? त्या ठणठणीत होत्या. म्हणून त्यांच्यासाठी निवेदनात वेगळा परिच्छेद घातला: पती वॉकरवर आहेत, एकट्याने प्रवास करू शकत नाहीत, त्या सोबत राहून सोबतच परततील. अर्जात माणसं दोन असतील तर थांबायची कारणंही दोघांची दिसली पाहिजेत.

कपाटातले कागद

४ ऑगस्टला रविवार असूनही अण्णा सकाळीच आले. कापडी पिशवीत पासष्ट-सत्तर कागद. जुने सातबारे, सोसायटीच्या पावत्या, वीजबिलं, १९९०च्या दशकातलं वाटणीपत्र, मुदत ठेवीची मूळ पावती. ती मूळ पावती कुरियरने अमेरिकेला पाठवायची त्यांची तयारी होती. मी पहिल्यांदा ती परत पिशवीत ठेवायला लावली. अर्जाला प्रतीच जोडायच्या असतात. मूळ कागद मागितले तरच दाखवायचे, न मागता पाठवलेले परत येतील याची खात्री नाही.

निवडले ते कागद असे. चालू तारखेचा सातबारा आणि आठ-अ. घरपट्टीची त्या वर्षीची पावती. बँकेचा मुदत ठेवीचा दाखला आणि सहा महिन्यांचा खातेउतारा, हे दोन्ही बँकेने इंग्रजीतच दिले. मागच्या हंगामातली द्राक्षविक्रीची व्यापाऱ्याची पट्टी. पीककर्जाचं मंजुरीपत्र. आणि अण्णांचं स्वतःचं पत्र. बाकी सगळी पिशवी परत. कागद जास्त झाले की महत्त्वाचा कागद त्यांत बुडतो.

सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढला, १५ रुपयांत. त्यावर क्यूआर कोड असतो, त्यामुळे तलाठ्याचा शिक्का लागत नाही. अण्णांकडे त्याचं एक इंग्रजी भाषांतरही होतं, पुतण्याने मोबाइलवर करून दिलेलं. ते वाचताना मी पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवूच शकले नाही. "आकार" या रकान्याचं इंग्रजी "शेप" झालं होतं. सातबाऱ्यातला आकार म्हणजे जमिनीची शेतसारा-आकारणी, रुपये-पैशांत. तिथे "शेप: ४.८५" वाचून परदेशातल्या माणसाने काय समजायचं? "पोटखराब" याचं पोटाच्या आजारासारखं काहीतरी झालं होतं. ते लागवडीला अयोग्य क्षेत्र. "इतर अधिकार" या रकान्यात "बोजा" अशी नोंद होती, त्याचं डोक्यावरचं ओझं झालं होतं. तो बँकेचा कर्जाचा बोजा. "भोगवटादार वर्ग १" याला तर सरळ गाळलंच होतं, आणि खरं म्हणजे त्याच शब्दांत काकांची पूर्ण मालकी आहे. क्षेत्र १ हेक्टर २० आर, म्हणजे आपले तीन एकर. तेही दशांश चिन्ह चुकून बारा हेक्टर झालं होतं.

बारा हेक्टर! दुसऱ्या कुठल्या कागदात तीन एकर दिसले असते आणि खरी माणसं खोटी ठरली असती.

परभाषेतल्या कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्याखाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र: मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, नाव, पत्ता, सही, तारीख. नोटरीचा शिक्का लागत नाही. आपल्याकडे शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही अशी सवय झाल्याने लोक नोटरीसाठी पैसे घालतात. अण्णांचे ते पैसे मी वाचवले. "पूर्ण" या शब्दावर मी फार भर देते. कोपऱ्यातली टीप, खालची सूचना, शिक्क्यातली अक्षरं, सगळं उतरलं पाहिजे. सोयीचा भाग तेवढा उचलायचा नाही.

मग नावाची अडचण निघाली. पासपोर्टवर काकांचं मूळ आडनाव आहे आणि सातबाऱ्यावर त्यांच्या आजोबांपासून "पाटील" चालत आलेलं. आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही. निम्म्या गावाचं असंच असतं. पण न्यू जर्सीच्या फाइलीत ही दोन वेगळी माणसं होती. एरवी मी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं असतं, पण सही करणारा माणूस तिकडे प्लॅस्टरमध्ये. वाटणीपत्र शोधलं, तिथेही पाटीलच. अण्णा निराश होऊन बाकावर बसले.

सुटका केली ती पीककर्जाच्या मंजुरीपत्राने. बँकेने केवायसी आधार आणि पॅनवरून केलेली, त्यामुळे पत्रात नाव पासपोर्टप्रमाणे. तारण म्हणून त्याच गावाचा तोच गट नंबर. आणि सातबाऱ्यावर त्याच बँकेचा बोजा. नाव, गट आणि बोजा तिन्ही एका कागदात जुळले. शिवाय फेडीची मुदत पुढच्या वर्षीची. अण्णा ते पत्र दाखवायलाच तयार नव्हते. कर्ज आहे हे कळलं तर गरीब समजतील, अर्ज फेटाळतील, अशी त्यांना भीती. मी त्यांना समजावलं की फेडायचं कर्ज आणि उतरायचा माल असलेला शेतकरी घरी परत येतोच, आणि हे एक पत्र दोन कामं करतंय. निवेदनात आडनावाबद्दल तीन वाक्यांचा खुलासा घातला आणि कर्जपत्र व सातबाऱ्याचा पान क्रमांक दिला.

अण्णांचं पत्र मी त्यांनाच लिहायला लावलं, माझ्या टेबलावर, निळ्या पेनाने. त्यांनी लिहिलं: ऑक्टोबरची गोडी छाटणी माझ्या देखरेखीखाली होईल, मजूर ठरले आहेत. छाटणीनंतर माल तयार व्हायला चार-सव्वाचार महिने लागतात. व्यापाऱ्याशी सौदा दादाच करतात, खातं त्यांच्या नावावर आहे, म्हणून जानेवारीच्या आत त्यांनी घरी असणं गरजेचं आहे. एवढंच. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. मायदेशातल्या कामावर काय परिणाम होईल, या तिसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कुठल्याही वकिलाला सुचलं नसतं, असं मला आजही वाटतं.

पैशांची आणि परतीची बाजू

मुक्कामाचा खर्च कोण करणार, हे मुलीच्या बाजूचे कागद सांगत होते: तिचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आदल्या वर्षीचं कर विवरणपत्र, आणि आर्थिक आधाराचा आय-१३४ फॉर्म. हॉस्पिटलचा खर्च प्रवासी विम्याने बराचसा उचलला होता. तो हिशेब आणि विमा डिसेंबरपर्यंत वाढवल्याची पावती जोडली. पर्यटकाने तिथल्या सरकारवर भार टाकलेला नाही, हे त्यातून दिसतं. ५ सप्टेंबरचं जुनं तिकीट मुद्दाम लावलं, मूळ बेत वेळेत परतायचाच होता हे दाखवायला, आणि सोबत ६ डिसेंबरचं बदललेलं तिकीट.

पासपोर्टही पाहिले. मागितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत पासपोर्ट वैध असावा लागतो. काकूंचा फेब्रुवारी २०२५ला संपत होता, म्हणजे १० डिसेंबरला पुरत होता. सहा महिने मागितले असते तर आधी भारतीय दूतावासामार्फत तिथेच नूतनीकरण करावं लागलं असतं आणि सगळंच लांबलं असतं. पेन्शनर मंडळींना एक सांगून ठेवते: नोव्हेंबरात परदेशात अडकलात तर हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून मिळतो. काकांना पेन्शन नाही, पण याच कारणाने हवालदिल झालेले दोन निवृत्त शिक्षक माझ्याकडे येऊन गेले आहेत.

२० ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पाकीट पोस्टात पडलं. त्याआधी मुलीने व्हिडिओवर मला एकेक पान दाखवलं. आय-५३९ए वर काकूंची सही राहिली होती. एवढ्या धावपळीत ती एक सही सुटली असती तर सगळंच परत आलं असतं. काकूंनी तिथल्या तिथे सही केली, मराठीत, पासपोर्टवर आहे तशी. २२ ऑगस्टला पाकीट पोचल्याची नोंद मिळाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावतीची नोटीस आली, तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर, आणि दाखल तारीख २२ ऑगस्ट. गणपतीच्या आदल्या दिवशी अण्णा पावतीचा फोटो दाखवायला आले. त्या वर्षी गणपती त्यांनी बसवला, काकांनी फोनवरून आरती म्हटली.

अर्ज दाखल असताना

१३ सप्टेंबर उलटला. काका रात्री झोपेनात. आपण आता चोरून राहतोय का, हे ते मुलीला पुन्हा पुन्हा विचारत. मुदतीच्या आत, खऱ्या कारणाने अर्ज केलेला असेल तर निकाल येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात मोजले जात नाहीत. पण हे मुदतवाढ मिळाल्यासारखंही नाही. नकार आला तर त्यानंतर थांबायचं नाही, ताबडतोब निघायचं. बोटांचे ठसे द्यायला बोलावणं येऊ शकतं, आणखी पुरावे मागणारं पत्रही येऊ शकतं. म्हणून पत्ता बदलू नये आणि टपाल रोज पाहावं. या काळात दुसऱ्या देशात फेरफटका मारून यायचा विचारही करू नये.

निकाल डिसेंबर उजाडला तरी आला नाही. असं पुष्कळदा होतं. माणसं परत जातात तरी अर्ज टेबलावरच असतो. २६ नोव्हेंबरला सर्जननी प्रवासाला हिरवा कंदील दिला. मुलगी म्हणाली, निकालाची वाट पाहू, आता घाई काय? इथे मात्र काका ठाम राहिले. अर्जात १० डिसेंबर लिहिलंय, म्हणजे १० डिसेंबरच्या आत निघायचं. मला त्यांचा फार आदर वाटला. जी तारीख आपण सही करून दिली ती पाळली, हे पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीवर सांगता येतं, दाखवता येतं.

ही सगळी माहिती अमेरिकेची, आणि ती दुसऱ्या देशाला लावू नये. कॅनडात व्हिजिटर रेकॉर्डसाठी, म्हणजे पर्यटकाचा मुक्काम वाढवण्यासाठी, मुदतीच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करायला सांगतात, फी १०० कॅनेडियन डॉलर. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एका सामाईक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस हा नियम फार कडक. वाढ मिळते ती आजारपण, आपत्ती, मानवी कारण असेल तरच. थायलंडमध्ये टीएम-७ फॉर्म, फोटो आणि १९०० बाट घेऊन स्वतः इमिग्रेशन ऑफिसात जावं लागतं आणि ३० दिवस वाढवून मिळतात. फी आणि फॉर्म बदलत राहतात, त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी पाहावेत. डॉक्टरांचं पत्र, पैशांचा पुरावा, परतीचं तिकीट आणि घरचे कागद मात्र तयार ठेवावेत, कुठेही असलात तरी.

त्यासाठी निघण्याआधीच दोन तासांचं काम करून ठेवा, असं मी आता येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगते. चालू सातबारा किंवा घरपट्टी, बँकेचे दाखले, पेन्शनचा किंवा कर्जाचा कागद स्कॅन करून मुलांकडे आणि घरी राहणाऱ्या एका माणसाकडे द्यावेत. सातबाऱ्यावर आणि पासपोर्टवर नाव वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र इथे असतानाच करून घ्यावं. अण्णांसारखा भाऊ घरी नसता तर या प्रकरणात काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

काका-काकू ६ डिसेंबरला निघाले आणि मुंबईहून कसारा घाटाने रात्री घरी पोचले. जानेवारीत काका काठी टेकत माझ्या ऑफिसात आले. पायरी चढताना मी हात पुढे केला तर नको म्हणाले. पिशवीतून थॉमसन द्राक्षांचा पहिला घड काढून टेबलावर ठेवला, अजून थोडा आंबट होता. मग फाइल काढली. अर्जाची प्रत, पावतीची नोटीस, डॉक्टरांचं शेवटचं पत्र, दोघांचे बोर्डिंग पास आणि मुंबईला उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का झेरॉक्स करून. देश वेळेवर सोडल्याचा पुरावा म्हणून हे जपायला मीच सांगितलं होतं.

"मॅडम, हे कुठे ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"त्याच कपाटात," मी म्हटलं. "सातबाऱ्याच्या शेजारी."